वाचनालयाची यादी आणि ब्राउझरची मराठी

वेबपानाचा पुढचा भाग बनवणं हा माझा व्यवसाय. माणसाला पडद्यावर जे दिसतं आणि बोट लावल्यावर जे हलतं, ते सगळं यात आलं. या व्यवसायात पहिला वाद नेहमी अवजारांवरून होतो. रिॲक्ट घ्यायचं, व्ह्यू घ्यायचं की स्वेल्ट? बांधणीला वेबपॅक की व्हीट? पुण्यात नोकरी करत होते तेव्हा हे वाद मीही पोटतिडकीनं घातले आहेत. परभणीला येऊन काम करू लागले तेव्हा वाद तेच राहिले, निवाडा करणारी माणसं मात्र बदलली. आता निवाडा जिंतूरच्या मोंढ्यात भाव बघत उभा असलेला शेतकरी करतो, गंगाखेडची कॉलेजातली मुलगी करते, सेलूचे निवृत्त मास्तर करतात. पान उघडलं का, मराठी नीट दिसली का, शोधलं ते सापडलं का, हे तीन प्रश्न ते विचारतात. मला तर आता वाटतं, पुढच्या भागाच्या कामात विचारण्यासारखे प्रश्न मुळात हेच आहेत.

२०२० च्या टाळेबंदीत मी घरी आले आणि राहिले. आमच्याकडं जुनी म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. बाहेर ज्याचं जमलं नाही तो इथं परततो, असा तिचा अर्थ लोक लावतात आणि माझ्या थोरल्या काकांनी ती मला ऐकवलीही. मी मनावर घेतलं नाही. कृषी सेवा केंद्राची मालाची यादी, शिकवणीवर्गाचा निकाल, पतसंस्थेचं माहितीपान अशी कामं मिळत गेली. त्यांच्या जोडीला बाहेरगावच्या कंपन्यांची कामं होतीच, पोट त्यांवर भरायचं. ज्या कामानं मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचं होतं. पुस्तकांची यादी सभासदांना फोनवर बघता यावी, एवढीच मागणी होती.

त्याआधी वजनाबद्दल सांगायला हवं, कारण अवजारं निवडताना मी ते आधी बघते. जावास्क्रिप्टचा एक केबी आणि चित्राचा एक केबी फोनला सारखे पडत नाहीत. चित्र उतरलं की फोन ते उलगडून दाखवतो आणि मोकळा होतो. जावास्क्रिप्ट उतरल्यावर वाचावी लागते, तिचा अर्थ लावावा लागतो, मग चालवावी लागते. तेवढा वेळ पान बोटाला दाद देत नाही. महागड्या फोनवर हे कळतसुद्धा नाही. घरातल्या दोघातिघांच्या हातून फिरलेल्या, दोन जीबी रॅमच्या जुन्या अँड्रॉइडवर मात्र माणूस दाबत राहतो आणि शेवटी म्हणतो, ‘ताई, तुमचं पान अडकलंय.’ क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये प्रोसेसर चार किंवा सहा पट मंद करून बघायची सोय आहे. नेटचा वेगही कमी करता येतो. मी दोन्ही चालू ठेवूनच काम करते. शिवाय एक जुना फोन टेबलावर असतो, कारण नकली मंदपणा आणि खरा मंदपणा यांत फरक पडतोच.

रिॲक्ट वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. फेसबुकनं २०१३ मध्ये ते खुलं केलं. एका पडद्यावर पन्नास गोष्टी एकमेकींवर अवलंबून बदलत असतील तर आजही मी तेच घेते, किंवा तशाच पद्धतीनं चालणारं जेमतेम तीन केबीचं प्रीॲक्ट घेते. पण मालाची यादी दाखवायला रिॲक्ट कशाला लागतं? जॉन रेसिगनं २००६ मध्ये जेक्वेरी आणली तेव्हा तिची गरज खरी होती. प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी, इंटरनेट एक्सप्लोररची तर न्यारीच. त्या सगळ्यांशी एकाच भाषेत बोलायची सोय जेक्वेरीनं करून दिली. नंतर ब्राउझर एकमेकांच्या जवळ आले आणि जेक्वेरीची बरीच कामं स्वतःच करू लागले. तरी नव्या पानांतही ती सवयीनं येत राहते.

दुसरी बाब देखभालीची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्यातून पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, विजेचं बिल भागवायचं. दरवर्षी वेबसाइट दुरुस्त करायला पैसे येणार कुठून? म्हणजे एकदा बनवलेलं पान कुणी हात न लावता वर्षानुवर्षं चालायला हवं. एनपीएमवरून शंभर लहान लहान पॅकेजं ओढून बनवलेल्या पानाची ती ताकद नसते. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरच्या प्रकल्पांची बांधणी अडली, कारण ते पॅकेज कुठल्या ना कुठल्या अवजाराच्या पोटात होतं. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१ च्या डिसेंबरअखेर संपला. त्यावर बांधलेली पानं आजही चालतात, पण त्यांत काही बदलायचं म्हटलं की माणूस मिळत नाही. याउलट साधं एचटीएमएल आणि त्याला जोडलेली साधी जावास्क्रिप्ट पंचवीस वर्षांपूर्वीची असली तरी आजच्या ब्राउझरमध्ये बहुधा उघडते. वेबचा हा जुनं न मोडण्याचा गुण मला फार मोठा वाटतो. वाचनालयाचं पान मी त्याच्याच भरवशावर उभं केलं.

आता यादी. ती माझ्या हाती आली तेव्हा ‘सुरेख’ नावाच्या फॉन्टात टंकलेली होती. सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीतला हा फॉन्ट एके काळी राज्यभरच्या कार्यालयांत चालायचा. त्यात अक्षरांच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असतात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की नुसता चिन्हांचा खच दिसतो. युनिकोडात आणताना प्रत्येक चिन्हाची जोडी लावणं हे सोपं काम. अवघड काम क्रमाचं. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवतात, म्हणून पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी असते. युनिकोडात ती व्यंजनाच्या नंतर यायला हवी, कारण उच्चार तसा आहे. रफाराचं उलटं. जुन्या फाइलीत तो अक्षरावर मागून चढवलेला असतो, युनिकोडात र आधी लिहावा लागतो. ‘स्थिती’मधली वेलांटी स् आणि थ दोन्ही ओलांडून जाते, म्हणून जोडाक्षराची हद्द ओळखावी लागते. असे परिवर्तक लोकांनी पूर्वीच जावास्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेत. एकाच फाइलीत मावणारे, नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालणारे. मी त्यांतलाच एक घेऊन आमच्या यादीपुरता दुरुस्त केला. उरलेल्या शंकांची पानं घेऊन ग्रंथपाल सर आणि मी दुपारभर बसायचो. ते नाव वाचत, मी दुरुस्त करत असे.

यादी युनिकोडात आल्यावर लेखकांच्या आडनावांनी लावायची होती. जावास्क्रिप्टची नेहमीची क्रमवारी अक्षरांच्या सांकेतिक अंकांवर चालते. युनिकोडात ळ ची जागा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी आहे. त्यामुळे काळे आधी आले आणि कावळे नंतर. सरांनी एका नजरेत ओळखलं. त्यांच्या कपाटांतला क्रम वर्णमालेचा, ळ तिथं ह च्या नंतर येतो आणि सभासदांची सवयही तीच. मी क्रमवारीची लायब्ररी शोधायला निघाले नाही, कारण ब्राउझरला हे येतं. इंटल नावाचा एक भाग ब्राउझरमध्येच असतो. त्यातल्या कोलेटरला मराठीचा संकेत दिला की तो ळ ला ह च्या मागं नेऊन ठेवतो. एका ओळीचं काम. मराठीचे हे नियम कुणीतरी आस्थेनं जागतिक भाषाकोशात भरले, तिथून ते प्रत्येक फोनपर्यंत आले आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

आकड्यांचंही तसंच. इंटलला मराठी सांगितलं की तो देवनागरी अंक देतो आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या रीतीनं टाकतो. पण उलट्या दिशेला वाट बंद आहे. सभासदानं दाखल क्रमांक देवनागरीत टाइप केला तर जावास्क्रिप्टला तो अंकच वाटत नाही. ‘१२३४’ चं रूपांतर करायला गेलं की उत्तर येतं, ही संख्या नव्हे. म्हणून मी आकड्यांसाठी असलेली चौकट वापरत नाही. साधी अक्षरांची चौकट ठेवते, फोनला फक्त आकड्यांचा कीबोर्ड सुचवते आणि दहा अंक स्वतः बदलून घेते. एवढ्यासाठी पॅकेज ओढणं मला पटत नाही.

खरं काम शोधात निघालं. पान लोकांपुढं ठेवण्याआधी सर एकेक पुस्तक शोधून बघत होते. एका सकाळी त्यांचा फोन आला. ‘अगं, महात्मा फुल्यांचा शेतकऱ्याचा असूड आपल्याकडं आहे. कपाटात माझ्यासमोर आहे. तुझी यादी नाही म्हणते.’ मी माझ्या लॅपटॉपवर तेच नाव टाइप केलं, तर पुस्तक सापडलं. सरांच्या फोनवर सापडत नव्हतं. दोन्हीकडं अक्षरं डोळ्यांना तंतोतंत सारखी.

गुंता ‘ऱ्या’ मध्ये होता. ही अर्ध्या र ची आडवी खूण मराठीत पावलोपावली लागते, शेतकऱ्याला, सुऱ्याला, दऱ्याखोऱ्यांना. युनिकोडात ती तीन वाटांनी तयार होते. नुक्ता असलेल्या ऱ ला स्वतंत्र जागा आहे, ही एक. साधा र घेऊन त्याला वेगळा नुक्ता लावणं, ही दुसरी. तिसरी जुनी वाट म्हणजे साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्हींची आकृती एकच, यंत्राच्या लेखी तीन वेगळे शब्द. जावास्क्रिप्टमध्ये नॉर्मलाइझ नावाची सोय आहे, तिनं पहिल्या दोन वाटा एक होतात. तिसरी होत नाही, ती आपणच वळवावी लागते. ‘ॲ’ चंही असंच. एक ॲ अखंड आहे, दुसरा अ वर चंद्र ठेवून केलेला. नॉर्मलाइझ त्यांना एक मानत नाही. ॲडव्होकेट, ॲसिड, ॲल्युमिनियम असे कितीतरी शब्द आपल्या याद्यांत यामुळं दोन-दोन ठिकाणी विखुरलेले असतात.

शोधाची एक चांगली लायब्ररी मी तेव्हा लावून बघितली, फ्यूज नावाची. थोडं चुकलं तरी सापडावं यासाठी ती अक्षरांमधलं अंतर मोजते. इंग्रजी नावांवर तिचं काम सुरेख आहे. मराठीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी यंत्राच्या लेखी स्वतंत्र अक्षरं. ‘परभणी’ हा शब्द जावास्क्रिप्ट पाच अक्षरी मोजते, कारण शेवटची वेलांटी वेगळी धरते. त्यामुळं ऱ्हस्वाचं दीर्घ झालं काय आणि व्यंजनच बदललं काय, लायब्ररीला अंतर सारखंच. आपल्याला मात्र पहिली चूक चूकच वाटत नाही. सूर्य आणि सुर्य लिहिणारी माणसं एकच पुस्तक शोधत असतात. हे ज्ञान फ्यूजमध्ये नाही आणि ते तिच्यात असावं ही अपेक्षाही चुकीची. ते आपणच घालायचं.

म्हणून मी छोटं फंक्शन लिहिलं. पुस्तकाचं नाव आणि शोधाचा शब्द दोन्ही त्यातून जातात. ते आधी नॉर्मलाइझ करतं, न दिसणारी चिन्हं काढतं, ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ एका वाटेला आणतं, पहिली-दुसरी वेलांटी आणि पहिला-दुसरा उकार एकच धरतं. ओळी वीसेक. त्यानंतर ब्राउझरचा साधा शोधच पुरला आणि फ्यूज काढून टाकली.

तरुण सभासदांचा प्रश्न वेगळा. ते मराठी नाव रोमन अक्षरांत टाइप करतात, त्यातही प्रत्येकाची तऱ्हा निराळी. शेतकरी कुणी एक ‘ए’ घालून लिहील, कुणी दोन. मी स्वर सोडूनच दिले. देवनागरी नावातून फक्त व्यंजनांचा सांगाडा काढायचा, रोमन शब्दातूनही तसाच काढायचा, व साठीची दोन रोमन अक्षरं एक धरायची आणि दोन्ही सांगाडे ताडून बघायचे. लहान शब्दांना भलतेसलते जुळे मिळतात, हे खरं. पण पाच-सहा नावांतून आपलं पुस्तक माणूस सहज ओळखतो. काहीच न मिळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

ज्यांना देवनागरीतच टाइप करायचं होतं पण फोनवर सोय नव्हती, त्यांच्यासाठी तयार लायब्ररी घ्यायचा विचार केला आणि तिथं मात्र मनापासून नमस्कार करावासा वाटला. विकिमीडियाची जेक्वेरी-आयएमई. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर संपादन करणारी कितीतरी मंडळी टाइप करतात ती हिच्या आधारानं. अक्षरांतरण आहे, इनस्क्रिप्ट आहे. प्रत्येक पद्धतीमागं ती भाषा जाणणाऱ्या माणसानं बसून केलेला तक्ता आहे. अशा लायब्ररीचं वजन मी आनंदानं उचलते, फक्त सभासदानं मागितल्यावरच ती उतरेल असं बघते.

मोमेंट या तारखांच्या लायब्ररीबद्दलही मला हाच आदर आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तिच्या कर्त्यांनीच सांगितलं की यापुढं नवं काही घालणार नाही, नव्या प्रकल्पांनी दुसरं काही घ्यावं. नव्या कामात मीही घेत नाही. पण तिची मराठीची फाइल एकदा उघडून बघावी. माथ्यावर मराठी माणसांची नावं आहेत. आत दिवसाचे भाग पाडलेत ते पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री असे. आणि ‘एक तास’ च्या पुढं ‘पूर्वी’ लागलं की त्याचं ‘एका तासापूर्वी’ होतं, म्हणजे सामान्यरूप सांभाळलेलं आहे. इंग्रजी साच्यात हे बसत नाही, त्यासाठी फाइलीत वेगळं फंक्शन लिहावं लागलं आहे. कुणी पैसे न देता, कुणी न सांगता हे काम केलेलं आहे. आज इंटलचा सापेक्ष वेळेचा भाग तेच काम फुकट आणि बिनवजनी करतो. पुस्तक परत करायची तारीख ‘उद्या’ आहे की ‘३ दिवसांपूर्वी’ होऊन गेली, हे आमच्या पानावर तोच सांगतो.

वाचनालयाची इमारत जुनी, भिंती जाड, आत रेंज येत नाही. म्हणून सर्व्हिस वर्कर लावला. एकदा यादी उतरली की फोनमध्येच राहते, कपाटासमोर उभं राहून नेटशिवाय शोधता येते. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, त्यामुळं यादी मोठी होईल ही भीती होती. पण प्रकाशकांची, लेखकांची नावं पुन्हा पुन्हा येतात, सर्व्हरनं आवळून पाठवलं की आकार खूप उतरतो. सगळ्या पानाची जावास्क्रिप्ट यादीहून कितीतरी हलकी आहे.

सरांची शेवटची तक्रार अक्षराच्या वळणाची होती. ‘हा ल आपला नाही.’ त्यांचं बरोबर होतं. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठीचं वळण, राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ते मान्य केलेलं आहे. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं भरलेली असतात त्याला पानाची भाषा मराठी आहे एवढं कळायला हवं. एचटीएमएलच्या सुरुवातीच्या ओळीत भाषेचा संकेत लिहायचा, बस. कितीतरी मराठी पानांवर तिथं इंग्रजीचा संकेत असतो, कारण साचा तसाच आलेला असतो. त्यामुळं वळण हिंदी येतं आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणारा आवाजही मराठी शब्द इंग्रजी ढंगानं वाचायला बघतो. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या बीसीएच्या मुलांना मी रिॲक्टच्या आधी ही ओळ शिकवते. कंपनीत रिॲक्ट विचारतील, ते येणारच. पण मोठ्या शहरांत या गोष्टी सांगणारं कुणी त्यांना भेटेल याची मला खात्री नाही.

शोधाच्या त्या वीसेक ओळी मी खुल्या ठेवल्या आहेत. कुणी ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ ची दुरुस्ती सुचवली तर हवीच आहे.

सध्या उर्दूची कपाटं हाती घेतली आहेत. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, जुने लोक उर्दूतून शिकले आणि परभणीत आजही उर्दू शाळा आहेत, वाचक आहेत. वाचनालयात ती पुस्तकं आहेत पण यादीत त्यांची नावं देवनागरीत, ओळख पटू नये अशी. ती मूळ लिपीत आणायची तर ओळ उजवीकडून डावीकडं, दोन्ही लिपी एकाच यादीत. दिशा प्रत्येक नोंदीवर वेगळी सांगता येते, समासही ‘डावा-उजवा’ न म्हणता ‘सुरुवातीचा-शेवटचा’ असे लिहिता येतात, त्यामुळं मांडणी जमली. शोधाचं जमायचं आहे. मराठीत वेलांटीचा घोळ, तर उर्दूत ये आणि काफ अरबी वळणाचे की उर्दूचे असा घोळ. दिसायला जवळपास तेच, यंत्राला वेगळे. फॉन्ट हा आणखी मोठा प्रश्न. नस्तालीक अक्षरं उतरत्या ओळीत एकमेकांवर झुकतात, त्यांचे फॉन्ट जड असतात आणि माझ्या टेबलावरचा जुना फोन ते उतरवताना रेंगाळतो. साधा नस्ख फॉन्ट हलका पडतो, पण उर्दू शाळेतल्या बाईंना दाखवला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. त्यांच्या मते ते उर्दू वाचण्यासारखं नाही. मी त्यांचं मानलं आहे. आता फक्त यादीत येणारी अक्षरं ठेवून फॉन्ट कापून बघते आहे. नस्तालीकमध्ये एक अक्षर अनेक रूपं घेतं, म्हणून कापताना काय सुटलं ते बाईच ओळ ओळ वाचून सांगतात.